बशीचं दार

त्या सिनेमात शेवटपर्यंत दार उघडत नाही, हे आधीच सांगून टाकते. परवा ताईची नात सई माझ्याकडे आली होती. ती सिनेमाचंच काहीतरी शिकते. तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं की तो जगातल्या थोर सिनेमांत धरला जातो, त्याच्यावर जाडजाड पुस्तकं निघाली आहेत, आणि तिचे सर तो दरवर्षी नव्या मुलांना दाखवतात. मग पाय वर घेऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "मावशीआजी, तू तर तो थेटरात बघितलेलास ना? मग सांग ना, खरंच एवढा ग्रेट आहे का? मला तर मधेच झोप आली." मी तिला म्हटलं, बाई गं, ते मला विचारू नकोस. त्या सिनेमाच्या मोठेपणावरून तुझे आजी-आजोबा जन्मभर भांडले, आणि ते भांडले नसते तर तू झालीच नसतीस. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. ती गेल्यावर मी चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले आणि मग हे लिहायला घेतलं.

आम्ही तेव्हा ठाण्याला राहायचो, चंपूबायच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. चंपूबाय आमची घरमालकीण. तिच्या सासरचे लोक कोपरीकडच्या मिठागरांवर राबत आलेले. नवऱ्याने कष्टाने ते घर उभं केलं आणि तो लवकर गेल्यावर तिने पुढच्या खोल्या आम्हांला देऊन मागे आपला संसार मांडला. तिच्याकडे सुका जवळा भाजायला लागले की आमची आई नाकाला पदर लावायची, आणि थोड्या वेळाने त्याच चुलीवरची तांदळाची भाकरी आमच्याकडे आली की आईचा पदर नाकावरून कधी खाली आला ते कळायचंही नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत टाइमकीपर होते. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की चंपूबायचा कुत्रा मान वर करून त्याला साथ द्यायचा, मग आईच्या कढईत मोहरी तडतडायची, मग दादा गंजिफ्रॉकवरच पाटावर येऊन बसायचे. माझ्या कानात ते घर आजही याच क्रमाने जागं होतं. भोंगा आधी, कुत्रा मग, मोहरी त्यानंतर. फक्त ताईचा आवाज त्यात नसे, कारण ताई शक्यतो बोलायचीच नाही.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं बोलणं अडायचं. लहानपणापासून. ओठ मिटून म्हणायची अक्षरं, प, ब, म, ही तिची वैरी होती, आणि त्यांच्याहून वाईट क. अक्षर तोंडात यायचं आणि दाराशी अडून बसायचं. त्यात तिचं नाव प्रमिला. आईवडिलांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला नाही असं ती स्वतःच म्हणायची, म्हणजे म्हणायला लागायची आणि मी ते वाक्य पुरं करायचे. तिची वाक्यं पुरी करणं हे आमच्या घरात सगळ्यांचंच काम होतं. आम्हांला ती मदत वाटायची. तिचा शब्द अडला की आम्ही हाताला येईल तो शब्द पुढे करायचो, आणि तो चुकीचा असला तरी ती मान हलवायची, कारण नाही म्हणायलाही वेळ लागायचाच. एकदा तिला वेणीत घालायला मोगरा हवा होता आणि आईने फडताळातून मोहरीचा डबा काढून तिच्या हातात दिला. तिने तो निमूटपणे घेतला आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. आम्ही पुढे किती दिवस त्या मोगरा-मोहरीवर हसत होतो, ताईसुद्धा हसायची.

पण एक शब्द मात्र तिच्या तोंडून तुपाच्या धारेसारखा सरळ यायचा. या. आमचं पुढचं दार दिवसभर उघडं असायचं, तशी सगळ्यांचीच असायची. अंगणात पावलं वाजली की ताई आतूनच "या" म्हणायची. माणूस उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत. त्या एका अक्षरात ती काय काय घालायची कोण जाणे, पण भाजीवालीपासून गिरणीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना वाटायचं की आपलीच वाट पाहिली जात होती. चंपूबाय म्हणायची, "तुजं 'या' आयकलं का मी समजतंय, घरान पोरगी हाय." पाहुणा आत येऊन बसला की ताई पाणी द्यायची आणि स्वैपाकघरात नाहीशी व्हायची. पुढचं बोलणं आमचं.

लग्नाचं वय झालं आणि हे सगळं अवघड होऊन बसलं. एक स्थळ तर ठरत आलं होतं. साखरपुड्याच्या आधी आळीतल्या कुणीतरी तिकडे जाऊन सांगितलं, मुलगी तोतरी आहे, आणि तिकडचं येणंजाणं बंद झालं. ताई तोतरी नव्हती, अडखळायची, पण असला फरक कोण करतो. तेव्हापासून आईने एक पद्धतच ठरवून टाकली. पाहायला येणाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारायचा तो "नाव काय मुली?" हा, तो ओठांवर यायच्या आतच आई म्हणायची, "ही आमची प्रमिला." पुढच्या सगळ्या प्रश्नांना ताईने फक्त मान हलवायची. फार बोलत नाही, वळणच आहे तसं, असं आई अभिमानाने सांगायची. आम्ही त्याची तालीमसुद्धा करायचो. मी सासू व्हायचे आणि डोक्यावर पदर घेऊन ताईला "शिवण येतं का गं?" असं विचारायचे, आणि ती इतकी हसायची की आई आम्हां दोघींना ओरडायची. ताईचं पुढे काय, ही काळजी मात्र त्या घरात सगळ्यांच्या पाटाशेजारी येऊन बसलेली असायची. दादा जेवता जेवता मधेच थांबत आणि ताईकडे बघत.

तर तो सिनेमा. दादांच्या साहेबांनी तो मुंबईत पाहिला आणि गिरणीभर त्याचं कौतुक केलं, म्हणून तो तलावाजवळच्या थेटरात लागल्यावर दादांनी आम्हां सगळ्यांना रविवारी सकाळी नेलं. चंपूबायसुद्धा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सिनेमाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि आमच्या आळीत ते एकालाही धड म्हणता येत नव्हतं. भिंतीवर लावलेल्या कागदावर शेतात उतरलेली एक प्रचंड उपडी बशी होती. वर्तमानपत्रवाले तिला उडती तबकडी म्हणायचे, आमच्याकडे तिची नुसती बशी झाली. "बशी पाहिलीस का?" एवढंच लोक एकमेकांना विचारत, आणि विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळत असे की हे सिनेमाबद्दल आहे.

गोष्ट एवढीच. एका शेतकऱ्याच्या शेतात ती बशी आकाशातून येऊन उतरते. तिला एक दार आहे. गाव जमतं, मग पोलीस, मग लष्कर, मग पाद्री, मग चष्मेवाले शास्त्रज्ञ. दारावर दिवे रोखतात, बंदुका रोखतात, आणि वाट बघत बसतात. आतून मधूनमधून आवाज येतो, टक् टक् टक्, आणि थांबतो. कुणी म्हणतं ही धमकी आहे, कुणी म्हणतं यंत्र बिघडलंय. ज्याचं शेत तो शेतकरी मात्र बशीला वळसा घालून आपला नांगर चालवत राहतो. असे दिवस जातात, आणि एके दिवशी ती बशी आली तशी उठून निघून जाते. दार बंदच. खाली दबून पिवळं पडलेलं गवत तेवढं दिसतं, त्यावरून वारा जातो, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात.

थेटरात जो गोंधळ झाला तो काय सांगू. लोक आकाशातली माणसं बघायला आले होते. अर्ध्या सिनेमापासूनच मागून आवाज यायला लागले होते, "अरे उघड ना रे, घरी जायचंय." शेवटी तर शिट्ट्या, बाकं बडवणं, सगळं झालं. परतीच्या वाटेवर दोन पक्ष पडले. कोपऱ्यावरची मंडळी म्हणत होती, सरळसरळ फसवणूक आहे. दादा म्हणाले, फार उच्च दर्जाचा सिनेमा, आपल्या लोकांना कळत नाही. दादा मध्यंतरानंतर झोपले होते, हे मी शेजारीच बसले असल्याने मला माहीत होतं. आईला त्या शेतकऱ्याच्या घराचे पडदे आवडले. चंपूबाय म्हणाली, "तो शेतवाला शाना. नांगर सोरला नाय त्यानी." ताईला कुणी विचारलं नाही. ती तलावाच्या कडेने आमच्या मागे मागे येत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण तसे ते पुष्कळदा हलायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कल्याणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत विज्ञान शिकवणारा, नाव मधुकर, आईवडील लहानपणीच गेलेले, मावशीने वाढवलेला. मावशी करारी होती असं मध्यस्थ सांगून गेले. आईने चंपूबायकडून तिचा ठेवणीतला कपबश्यांचा संच मागून आणला, सोनेरी काठाचा. आमच्या बश्यांना टवके गेले होते. पोहे झाले, चहा झाला, ताई ट्रे घेऊन आली. मावशींनी तोंड उघडलं आणि आई म्हणाली, "ही आमची प्रमिला." ठरल्याप्रमाणे सगळं सुरळीत चाललं होतं. स्वैपाक, शिवण, विणकाम, ताईची मान हलत होती. मी मधल्या दाराआडून बघत होते आणि माझ्यामागे चंपूबाय उभी होती. मग मधुकर पहिल्यांदाच बोलले. चहाचा कप त्यांच्या हातात होता, त्यांनी तो जरा वर उचलला आणि ताईकडे बघून विचारलं, "बशी पाहिलीत का?"

ताईने बशीकडे पाहिलं. आईचा चेहरा एकदम उतरला. तिला वाटलं, मागून आणलेला माल ओळखला. ती घाईघाईने म्हणाली, "बश्या आमच्या मालकीणबाईंच्या आहेत. पण कप आमचेच आहेत हो." माझ्यामागे चंपूबायला खोकला आला. मधुकर आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हसू दाबताना त्यांचा चहा त्या सोनेरी बशीत सांडला. "नाही, नाही. सिनेमा. तो बशीचा सिनेमा," ते म्हणाले. मावशींनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं की याला त्याचं वेड लागलंय, परत परत बघून येतोय. मधुकर म्हणाले की लोक काही म्हणोत, असा सिनेमा आजवर झाला नाही असं त्यांचं मत आहे, आणि तुम्हांला कसा वाटला. तुम्हांला म्हणजे ताईला. आईने तत्परतेने सांगितलं, "आवडला तिला. आम्हां सगळ्यांनाच आवडला."

ताईने ट्रे खाली ठेवला आणि ती म्हणाली, "नाही."

त्या नाहीतला न जरा लांबला होता, पण तो भिडस्तपणातही खपून गेला असता. आईने डोळ्यांनीच तिला खूण केली. मधुकरांनी मात्र तेवढंच विचारलं, "का?" आणि ताई बोलायला लागली. पहिलंच अक्षर क होतं. ते आलं आणि अडलं. पुन्हा आलं, पुन्हा अडलं. दादांनी मान खाली घातली. मावशींच्या लक्षात काय ते आलं असावं, त्यांनी मदत करायची म्हणून शब्द पुढे केला, "कंटाळा आला?" आणि मला दिसलं की ताईची मान सवयीने हलायला निघाली होती. तेवढ्यात मधुकरांनी मावशींच्या बाजूला हात वर केला. त्यांच्याकडे न बघताच. "थांब मावशी. त्यांना सांगू दे," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले. अडखळणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला पाठ होतं. कुणी ओठांकडे बघतं, कुणी छताकडे, कुणी कीव करतं. हे काहीच ते करत नव्हते. समोरचा माणूस बोलतोच आहे आणि आपण ऐकतो आहोत, असा त्यांचा चेहरा होता. तसा चेहरा मी आमच्या घरातही पाहिला नव्हता.

"कुणी 'या' म्हटलं नाही," ताई म्हणाली.

मधुकर विचारात पडले. मग म्हणाले, "पण दार आतून बंद होतं."

"असेल. आतल्याला उघडायला वेळ लागत असेल. ते टक् टक् म्हणजे तो प्रयत्नच करत असेल. बाहेर सगळे थांबले होते, पण बंदुका धरून. असं कुणी थांबलं की मग बाहेर येता येत नाही."

हे मी इथे सलग लिहिलं आहे. ते सलग झालं नव्हतं. एवढं बोलून होईपर्यंत चहावर साय धरली होती. पण ती अडखळ मी कागदावर उतरवणार नाही, ती ताईची होती आणि त्या दिवशी ती ज्यांनी ऐकली त्यांच्यापुरतीच राहू दे. मला तेव्हा रडू आलं. माझ्या बहिणीच्या मनात इतकं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं, कारण तिचं कुठलंही वाक्य मी शेवटपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. चंपूबायचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तो तिथेच राहिला.

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, "एका सिनेमापायी घालवलंस गं, पमे," आणि पदर तोंडाला लावून बसली. ताईने कपबश्या विसळल्या, पुसल्या आणि चंपूबायला देऊन आली. थोड्या दिवसांनी मध्यस्थ सांगून गेले, पत्रिका जमत नाही म्हणतात. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती. आळीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून चौकशीला यायला लागल्या तेव्हा आईने पुढचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. भर दिवसा आमचं दार बंद, ही आळीत नवलाची गोष्ट होती. दार बंद म्हणजे पावलं ऐकू येत नाहीत, आणि ताईचं "या" बंद. आता ती दिवसचे दिवस एक अक्षरही बोलत नसे. गावाकडे एक बिजवर होता, वयाने दादांच्या जवळपासचा. आईने त्याच्याशी बोलणं सुरू केलं. त्याला म्हणे कमी बोलणारीच हवी होती. हे ऐकलं त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठले. ताई मात्र मान हलवून मोकळी झाली. दादांनी जायची बोलणीही केली, पुढच्या आठवड्यात रजा मिळाली की निघायचं.

त्याच सुमाराच्या एका रविवारी दुपारी मी चंपूबायच्या मागच्या ओट्यावर तिला तांदूळ निवडू लागत होते. तिथून घराच्या बाजूने आमचं पुढचं दार दिसायचं. चंपूबायनेच आधी पाहिलं. म्हणाली, "कोन गो तो? कवाचा उबा हाय. करी का नाय वाजवीत?" मी वाकून बघितलं तर मधुकर. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ते कडीकडे हात न्यायचे आणि मागे घ्यायचे. बिचाऱ्यांना प्रश्न पडला असणार. ज्या घराला आपल्या घरून नकार गेला त्या घराची कडी कोणत्या तोंडाने वाजवायची? चंपूबाय हाक मारायला निघाली. मी तिचा हात धरला. का धरला ते मला नीट सांगता येणार नाही, पण त्यांनी मावशींना थांबवताना वर केलेला हात माझ्या डोळ्यांपुढे होता. आम्ही दोघी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तशाच बसलो. मला भीती वाटत होती की हे आता मागे फिरतील, आणि एकदा तर ते फिरलेही, दोन पावलं गेले आणि पुन्हा दाराशी येऊन उभे राहिले.

ताई आत दाराशेजारीच उसवलेल्या उशीला टाके घालत बसली होती. तिने मला पुढे सांगितलं, दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत तिला दोन पावलांच्या सावल्या दिसत होत्या. कुणाची पावलं ते तिला माहीत नव्हतं, ती निघून गेली आणि परत आली एवढंच दिसलं. बाहेर कुणीतरी अडलं आहे हे तिला कळलं. अडणं म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि मग बंद दाराच्या आतून, कित्येक दिवसांनी, तो आवाज आला.

"या."

कडी सरकल्याचा आवाज त्यानंतर आला. आधी शब्द, मग दार.

मी मागच्या दाराने आत धावले. आई स्वैपाकघराच्या उंबऱ्यात हात पुसत उभी होती आणि दादा झोपेतून उठून चष्मा शोधत होते. मधुकर बसले नव्हते. ते ताईला सांगत होते की मी आत्ताच इथल्या थेटरात तो पुन्हा पाहिला, शेवटपर्यंत कान देऊन पाहिला, आणि तुमचं खरं आहे, कुणी म्हणत नाही. मग जरा धीर करून म्हणाले, "पण तुम्हांला ते म्हणावंसं वाटलं ना? ते त्या सिनेमानेच वाटायला लावलं. म्हणून तो मोठा आहे."

ताईने त्यावर उत्तर दिलं. ते यायला वेळ लागला आणि या वेळी आमच्यातलं कुणीच मधे पडलं नाही. "मला ते रोजच वाटतं. त्याला सिनेमा लागत नाही."

ते हसले. आमच्या घरात ताईच्या बोलण्यावर, म्हणजे तिने केलेल्या विनोदावर, कुणी हसल्याचं मला ते पहिलं आठवतं. मग दादांकडे वळून म्हणाले, मावशीचं मन मी वळवीन, तेवढा वेळ द्या, आणि यांची हरकत नसली तर गावाकडे जाऊ नका. गावाकडची गोष्ट त्यांना मध्यस्थांकडून कळली असावी. दादांना चष्मा सापडला होता, पण तो डोळ्यांवर चढवायचा सोडून ते पुसतच राहिले. आईने चहाला आधण ठेवलं आणि फडताळातल्या टवके गेलेल्या बश्यांकडे हताशपणे बघितलं. तेवढ्यात मागच्या दाराने चंपूबाय तो सोनेरी संच घेऊन न बोलावता आत आली आणि मधुकरांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "घे रं बाबा. बश्या माज्या, आन कप पन माजंच."

मावशींचं मन वळायला पुष्कळ दिवस लागले, पण वळलं. पुढे त्यांचं आणि ताईचं इतकं सूत जमलं की भाऊजींना घरात कुणी वाली उरला नाही. लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी डोंबिवलीला घर केलं आणि बशीचा वाद तिथे संसाराबरोबर गेला. भाऊजी शाळेत मुलांना ताऱ्यांबद्दल शिकवताना त्या सिनेमाचं नाव काढायचे. घरी येऊन सांगायचे, आणि ताई म्हणायची, मुलांना चांगलं काहीतरी शिकवा. पाहुण्यांसमोर, सणावारी, पाटावर, त्यांचं हे चालायचं. ताई अखेरपर्यंत अडखळत राहिली. ते काही प्रेमाने बरं होत नसतं, गोष्टीतल्यासारखं. पण ती बोलायची. भांडायची तर इतकी की मला एकेकदा जुनी ताई आठवून हसू यायचं.

सईने परवा तिच्या लॅपटॉपवर तो मला पुन्हा दाखवला. खाली अक्षरं येतात, त्यामुळे सगळं कळलं. मी एकेक ओळ वाचली. कुणी म्हणत नाही. ताईचं बरोबर होतं. आणि ते टक् टक् सुरू झालं तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसले आणि माझ्या तोंडून शब्द गेला, तो सईने ऐकला आणि माझ्याकडे चमकून बघितलं. म्हणजे भाऊजींचंही बरोबरच होतं. मी हे दोघांनाही सांगितलं असतं, पण आता दोघंही नाहीत. बाकी सिनेमा लांबलाय हे सईचं म्हणणं मलाही मान्य आहे. नांगराची दृश्यं अर्धी कापली असती तरी चाललं असतं.

भाऊजींना शेवटच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. हळूहळू थोडे शब्द परत यायला लागले होते, पण फार कष्टाने. मी भेटायला गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि ताई शेजारी वाटाणे सोलत होती. मी जुनीच थट्टा काढली. म्हटलं, भाऊजी, आता तरी कबूल करा, सिनेमा काही एवढा मोठा नव्हता. ते माझ्याकडे बघून वाकडं हसले आणि त्यांनी उत्तर द्यायला ओठ मिटले. म आला. अडला. पुन्हा आला आणि अडला. मला ते बघवेना. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला माहीत होतं, शब्द माझ्या जिभेवर होता, आणि मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे न बघताच हात वर केला. मग ती हातातली शेंग तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली, ते बोलतच आहेत आणि आपण ऐकतो आहोत, असा चेहरा करून. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आम्ही थांबलो.

"मोठा," भाऊजी म्हणाले.

ताईने पदराने त्यांची हनुवटी पुसली, आणि त्याच अक्षरावर, जराही न अडता म्हणाली, "मुळीच नाही."